तुकड्यांची बरणी

खडा की दाणा, बोटाला कळत नव्हतं. सुपातल्या लाखोरीच्या दाण्यांतून रत्नमालेने तो चिमटीत उचलला, उन्हाकडे नेला, पुन्हा चाचपला... बोटांवर आता भरवसा उरला नव्हता, कारण याच बोटांनी वर्षभर पोटावरचे बारके व्रण चाचपले होते, आणि दर वेळी वाटलं होतं, किती थोडक्यात सुटलो आपण. पोट फाडून गर्भाशय काढलं असतं तर कितीतरी दिवस वाकता आलं नसतं, आणि धानाची रोवणी तोंडावर आली होती. 'छिद्राचंच करा,' असं तिनेच डॉक्टरला सांगितलं होतं. रोवणीला ती खरोखर उभी राहिली, गुडघाभर चिखलात, बायकांच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे, आणि बायका म्हणाल्या होत्या, रत्नाचं ऑपरेशन झालं की रत्ना माहेरी जाऊन आली?

काल नागपूरच्या डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या. परसराम, तिचा नवरा, तेव्हा खाली औषधाच्या रांगेत होता. पोटात जागोजागी गाठी झाल्या आहेत, त्या म्हणाल्या. गर्भाशयातला गोळा साधा दिसत होता, पण साधा नव्हता, कॅन्सरचा होता. असं क्वचित एखादीचं होतं, आणि आधी ओळखू येत नाही. छिद्रातून एवढा गोळा निघत नाही, म्हणून आतच मशीनने त्याचे तुकडे केले, आणि थैलीत न घालता केले असतील तर बारीक कण पोटभर उडाले असतील. आवत्या टाकल्यासारखे — हे बाई म्हणाल्या नाहीत, हे रत्नमालेला आपसूक दिसलं: मूठ उघडते, हात फिरतो, धानाचं बी बांधीभर पडतं, आणि कुठं कुठं पडलं ते उगवेपर्यंत कोणालाच कळत नाही.

मग बाईंनी विचारलं होतं, "त्या तुकड्यांचा तपासणीचा रिपोर्ट?"

"तपासले नाही जी."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "तपासले असते तर तेव्हाच कळलं असतं. तेव्हा इलाजाला जागा होती."

बरणी... भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्सने गर्भाशयाच्या तुकड्यांची ती बरणी परसरामच्या हाती दिली होती, नागपूरच्या लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. पेशंटच्या माणसाकडे असंच देत असत. त्याने ती झोळ्यात घातली आणि पवनीच्या बसमध्ये मांडीवर धरून घरी आणली. त्याला वाटलं, ज्याच्यात आपली मनाली राहिली, सुगत राहिला, ते लॅबवाल्यापुढे कायले टाकायचं? दोन्ही लेकरांच्या जन्मावेळची वार मागच्या वाडीत सीताफळाखाली पुरली होती. तिथेच बाजूला त्याने खड्डा केला, आणि बरणीतलं सगळं नव्या फडक्यात बांधून मातीला दिलं. ती घरी आल्यावर त्याने हे सांगितलं, खाली मान घालून, आणि ती रडली होती. सुखाने रडली होती. कोणत्या बाईच्या नवऱ्याने एवढं केलं, सांगा.

काल बसमध्ये त्याने विचारलं, "का म्हणे डॉक्टरीण?" ती म्हणाली, "गोळ्या देल्या." मनात म्हटलं, बरणीचं हे आपल्यासोबतच जाऊ दे. माझं मी घेऊन जाईन... त्याला कायले?

"वैनी, माह्या बी पोटात गोळा निघाला ना," शेजारची गिरजाबाई आत्ता येऊन पायरीवर टेकत म्हणाली.

"दुसऱ्याचं पाह्यलं की तुले पाहिजेच," रत्नमाला सवयीने म्हणाली.

"हो ना. मंग तुह्यासारखंच छिद्राचं करून राहिली मी. पोट फाडलं तं माह्या घरी रांधंन कोण? आमच्या बुवाले चहा बी येत नाई."

"मले येते," परसराम चुलीपाशी रत्नमालेसाठी पेज ढवळत होता, तिथून म्हणाला. "पाठवून द्या तुमच्या घरधन्याले, घनश्यामले. शिकवतो."

"भाऊजी, तुमच्यासारखे नवरे सरकारनं राशनात वाटाले पाहिजे." गिरजाबाई हसली. "तुमचं बरणीचं सांगतलं ना मी त्याहिले. म्हटलं, पहा, याले म्हणतात माया. मी तं सांगूनच ठेवलं, माहं बी लॅबफॅबमधी नाई देयाचं. आपल्याच वाडीत..."

रत्नमालेचा हात सुपात थांबला. उद्या नळावर गाठून सांगावं हिला, एकटीला... पण गिरजाच्या पोटात गोळा राहील, गोष्ट राहणार नाही; ती तशीच चालत इथे येईल आणि याच पायरीवरून विचारेल, भाऊजी, हे खरं काय? मग न सांगावं. न सांगावं म्हणजे हिच्या लुगड्याच्या फडक्यात बांधून आणखी एक...

"नको पुरू, गिरजा," ती म्हणाली. "तपासाले दे. आणि आधी डॉक्टरले विचार, तुकडे थैलीत घालून करता का. नाई म्हणला तं पोट फाडूनच कर."

"काहून वं?"

चुलीपाशी पळीचा आवाज थांबला होता. परसरामची पाठ तशीच होती, वाकलेली, मळक्या बनियनमध्ये खांद्याची हाडं वर आलेली. पेज करपल्याचा वास यायला लागला तरी ती पाठ हलली नाही.

गिरजासाठी बोललो आपण. गिरजासाठीच... पण बोलताना डोळे गिरजावर नव्हते, त्या पाठीवर होते, आणि पळी थांबावी म्हणून आपण वाट पाहिली. थांबली तेव्हा आत काहीतरी सैल झालं, कालपासून एकटीने धरून ठेवलेलं, आणि ते बरं वाटलं. एवढं बरं की तिला स्वतःची भीती वाटली. तिला तर मरावंच लागणार होतं, ते होऊन जाईल. त्याला मात्र यानंतर कितीतरी वर्षं जगायचं होतं.

त्याने आता वळू नये, असं तिला वाटत राहिलं. वळला तर आपल्या तोंडावर त्याला काय दिसेल, ते तिला ठाऊक नव्हतं.