गुरुजींचं मत

जिपारला देशाचे अध्यक्ष आवडायचे, उगाच खोटं कशाला बोला! टीव्हीवर मंत्र्यांना उभं करून झापणारा हा माणूस तिला घरचाच वाटायचा. त्यांना आणखी दहा वर्षं द्यायची का, एवढाच प्रश्न होता मतपत्रिकेवर. खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. नारिन शहराकडच्या त्या डोंगरातल्या गावात मतदान शाळेत, आणि अधिकारी म्हणजे शाळेचेच शिक्षक, जिपारसुद्धा.

म्हाताऱ्याकोताऱ्यांची मतं घरोघरी जाऊन घ्यायला हेडमास्तर तोलोबेकनी जिपारच्या हाती छोटी पेटी दिली. म्हणाले, "एकही 'नाही' नको हं बाई. गाव शंभर टक्के आलं तर शाळेला नवा बॉयलर. नाहीतर थंडीत शिकवा पुन्हा कोट घालून."

सात्कीन गुरुजींनी तिला अक्षरं गिरवायला शिकवली होती. आता त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. ती पेटी घेऊन घरी आली तेव्हा तिच्यापुढं चहा आणि तळलेल्या कणकेचे बोरसोक सरकवत ते म्हणाले, "पोरी, 'नाही'वर खूण कर. एका माणसाला इतकं डोक्यावर बसवू नये. मी भोगलंय ते."

"बरं, गुरुजी," ती म्हणाली आणि तिनं 'हो'वर खूण केली. एका मतानं काय आभाळ कोसळणार होतं! गुरुजींनी चाचपडत स्वतःच्या हातानं कागद पेटीत टाकला. मग तळहात उघडून तिला दुवा दिली, आणि या बयेनं ती घेतलीसुद्धा!

तिसऱ्या दिवशी रेडिओवर गावाचं कौतुक झालं. एकही 'नाही' निघालं नव्हतं. तासाभरात गुरुजी काठीनं रस्ता चाचपत शाळेत हजर. सगळ्या शिक्षकांदेखत कडाडले, "तोलोबेक, माझं मत खाल्लंस तू! जिपार साक्षीला आहे. सांग गं, मी काय सांगितलं होतं?"

हेडमास्तर तिच्याकडे रोखून बघत होते. नोकरीचं जाऊ दे, पण तिनं केलेलं सगळ्या गावाला कळलं असतं.

"गुरुजी, तुम्ही 'हो' म्हणाला होतात."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसती मान हलवली.

"असं? मग म्हणालो असेन. तू कशाला खोटं बोलशील!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "माफ कर रे, तोलोबेक. डोळ्यांमागोमाग डोकंही गेलं माझं."

"असू द्या हो, वय झालं," हेडमास्तर म्हणाले.

जिपारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. तिथं ते हळूच म्हणाले, "पोरी, आणखी काही विसरत असेन, तर तू मला सांगत जा."

"सांगेन," ती म्हणाली.