चुडा, चांद आणि धोंड्याचा महिना

गुणाबाईने रंभाचं लग्न अक्षयतृतीयेला धरलं, ते शमसुनबाईचा विचार करूनच. शमसुन्निसा नागभीडची बांगडीवाली. पाळण्यातल्या रंभाच्या मनगटात पहिल्या बांगड्या तिनेच भरल्या होत्या. लग्नाचा हिरवा चुडाही तीच भरणार, असं पोरीने आईकडून वदवून घेतलं होतं. फक्त ईद आड यायला नको होती. ती कशी येणार? ईद जेठातली, गुणाबाईने तीन वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

चैतात ती अक्षत घेऊन नागभीडला गेली. शमसुनबाईने तिच्यापुढे गुळपाणी ठेवलं, पण स्वतः घेईना.

"काऊन वं?"

"रोजा हाय, बाई."

"चैतात?"

शमसुनबाईने बोटांवर मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. चांद वेळेवर दिसला तर ईद नेमकी चुड्याच्या दिवशी, लग्नाच्या आदल्या दिवशी येत होती. घर सोडणं शक्य नव्हतं. तिची सईदा लग्नानंतर पहिल्यांदा ईदेला माहेरी यायची होती.

"तुमची ईद महिनाभर अलीकडं कशी सरकली?" गुणाबाई भडकलीच.

"आमची नाई सरकली. बारा चांद झाले का आमचं साल झालं. ते उनाच्या सालाहून धा-अकरा दिवस कमी भरते. तुमी दोन-तीन सालांनी धोंड्याचा महिना घालता अन् चांदाले पिकापाण्यासंग बांधता. आमी त्याले मोकळा सोडतो. म्हणून रोजे कवा थंडीत येते, कवा असे उनात. गेल्या साली थोरल्या जावयाले धोंड्याचे अनारसे चारले, तवा आठवलं नाई?"

गुणाबाईने कपाळावर हात मारला. अनारसे तर दोनदा चारले होते!

घरी तिच्या जावेला, मनकर्णाला, आयतं कोलीत मिळालं. "दुसरी बांगडीवाली बोलाव ना. इतकी काय अडली?"

रंभाचे डोळे भरले. ते पाहून गुणाबाईने पदर खोचला. "पोरगीच जाईन शमसुनबाईच्या दारी!"

"हळदीची नवरी शिवेबाहेर? कुठी ऐकलं?"

"घरी आल्यावर हळद लावू. चुडा आधी, हळद मंग."

चांद दिसला तर रंभा नागभीडला जाणार, नाही तर शमसुनबाई इकडे येणार, असं ठरलं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लग्नघरची झाडून सारी माणसं भाताच्या तणसाच्या ढिगावर चढली. जांभळीच्या शेंड्याआड बारीक कोर दिसली आणि "चांद!" असा गलका झाला की दावणीचे बैल बुजले. आपल्या घरचं लग्न सोडून सारे ईदेचा चांद शोधत होते, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

सकाळी गाडी शमसुनबाईच्या दारात उभी राहिली. रंभाला पाहून ती चुलीपुढून तशीच धावत आली. शिरखुर्म्याचे हात तिने पदराला पुसले, मग डोळे पुसले, आणि सईदाला जवळ बसवून रंभाला चुडा भरला. एकही बांगडी पिचली नाही. गुणाबाईला गड जिंकल्याचा आनंद झाला.

सायंकाळी हळद लावता लावता मनकर्णा हिरव्या चुड्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "माह्या पोरीचं पुढच्या अक्षयतृतीयेले हाय. तवा ईद कवा येईन वं?"

"मधात धोंडा नाई. पुन्हा वैशाखातच," गुणाबाई ठसक्यात म्हणाली. "गाडी आत्ताच सांगून ठेव!"