निळ्या गाडीचा जुना गोळा

मित्रांनो, मी एका जुन्या निळ्या मोटारीचा डिफरन्शियल आहे. नाव अवघड असलं तरी काम सोपं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, भोपळ्याएवढ्या लोखंडी गोळ्याच्या पोटात माझी दातेरी चाकं फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धाव घ्यावी लागते, आतल्याला कमी. ज्याला जेवढं हवं तेवढं फिरू द्यायचं, एवढंच मी आयुष्यभर केलं.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. ज्या गाडीला मला बसवलं, तिचं इंजिन म्हणजे नुसता वळू. सिग्नल हिरवा झाला की माझ्या दातांवर सगळा जोर यायचा. टोलेडो शहरातल्या लिअँडर कुबियाक नावाच्या वेल्डरने ती गाडी घेतली. त्याची बायको आर्डिस डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायची आणि दोघं तळ्याकाठच्या रस्त्याने दूरवर जायचे. लोक इंजिनाचं कौतुक करत, रंगाचं करत. माझं कौतुक फक्त लिअँडर करायचा. पाठीवर झोपून माझं तेल बदलताना तो म्हणायचा, "पळतं ते इंजिन नाही गं आर्डिस, पळतो हा!"

"बरं, मग त्यालाच जेवायला वाढते," ती म्हणायची.

आर्डिस गेली आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, ती कितीतरी हिवाळे. माझं तेल चिखलासारखं झालं. तेल अडवणारं रबरी सील वाळून तडकलं, पाणी शिरलं, दातांवर गंजाचे खड्डे पडले. मी कुणाला हाक मारणार? उभ्या गाडीत मला आवाज नसतो.

पुढे लिअँडरची स्मृती विरत गेली. त्याची मुलगी रॉबर्टा त्याच्याकडे राहायला आली. तिने गाडी सुरू करून घेतली आणि दर रविवारी ती बापाला फिरवू लागली. वेग धरला की मी कण्हायला लागे, लांब, एकसुरी. लिअँडर मुलीला कधी आर्डिस म्हणे, कधी नर्सबाई. पण माझं कण्हणं ऐकलं की मान वळवून नीट सांगे, "मागच्या गोळ्याला तेल हवंय."

"हो बाबा, घालते," ती म्हणायची. आणि तिचे डोळे भरून यायचे.

पण तेलाने भागणार नव्हतं. तिचा मावसभाऊ ड्वेन मेकॅनिक होता. त्याने झाकण उघडलं आणि आत बोट फिरवून पाहिलं.

"गंजाने दात खाल्लेत सगळे," तो म्हणाला. "भर वेगात हा अडकला, तर तुम्ही दोघं खड्ड्यात जाल, अगं. नवा बसवू. दोन्ही चाकांना सारखी ओढ देणारा, बर्फातसुद्धा घसरणार नाही. आवाज तर अजिबात नाही."

"बाबांना चालेल का?"

"त्यांना कळणारसुद्धा नाही."

रॉबर्टाने मान डोलावली. तिचं काय चुकलं? बापाच्या जिवापुढे माझी काय किंमत!

मला काढून गॅरेजच्या फरशीवर ठेवलं. नव्याने माझी जागा घेतली. रविवारी गाडी निघाली ती चिडीचूप, माझ्या कण्हण्याशिवाय. मोठा रस्ता येण्याआधीच परत आली. लिअँडर घाबरून दार चाचपत होता.

"बाई, मला उतरवा. ही गाडी आमची नाही. आमची मंडळी वाट बघत असतील."

"बाबा, आपलीच आहे. निळी आहे बघा!"

"तुम्ही भल्या दिसता," तो हात जोडून म्हणाला, "मला घरी सोडा."

रॉबर्टा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. ती गाडी त्याच्यासाठी पुन्हा कधी निघाली नाही. मग रॉबर्टा त्याला गॅरेजमध्येच आणून बसवू लागली. तो मला मांडीवर ओढायचा, फडक्याने पुसायचा. माझं मोठं दातेरी चाक धरून एका बाजूचं छोटं फिरवलं की दुसरी बाजू उलटी फिरते, ते तो तिला दाखवायचा. "बघ, एकाला थांबवलं तरी दुसऱ्याला जायची मुभा आहे." त्या वेळी त्याचा आवाज पूर्वीसारखा असायचा. वसंत सुरू होण्याआधी तो गेला.

"हा गोळा आठवण म्हणून ठेवतेस?" ड्वेनने विचारलं.

"नको रे," रॉबर्टा म्हणाली. "बघितला की वाटतं, थोडं आधी उघडला असता तर..." तिने मला भंगारवाल्याकडे द्यायला सांगितलं.

आता मी भंगाराच्या ढिगावर पावसात आहे. उद्या मला भट्टीत घालतील. त्याचं दुःख नाही, लोखंडाला दुसरा जन्म असतो. दुःख आहे ते त्या हिवाळ्यांचं. वाटीभर ताजं तेल पुरलं असतं. मित्रांनो, जे निमूटपणे तुमचा भार ओढतात, ती यंत्रं असोत की माणसं, ती कण्हायला लागेपर्यंत थांबू नका. आजच जा. विचारा, काय हवंय.