व्हर्डेलचा डोळ्यांचा डॉक्टर

अगं, तू नुसतं ऐक! आमच्या लायब्ररीत मार्लिस बसते ना, बँकेतून रिटायर झालेली, म्हाताऱ्यांना सरकारी आरोग्य विम्याचे प्लॅन फुकटात समजावून देते, ती? पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायची मुदत सात डिसेंबरला संपणार आणि पाच तारखेला आर्लन नि त्याची बायको व्हर्डेल तिच्यापुढे हजर! बावन्न वर्षांचा संसार.

"दोघांना एकच प्लॅन," आर्लन बसायच्या आधीच म्हणाला. "दरवर्षीसारखा."

"विम्यात जोडी नसते रे, जोडी मोज्यांची," मार्लिस म्हणाली. "आधी तुमच्या डॉक्टरांच्या नि औषधांच्या याद्या दाखवा."

त्याच्या यादीत हृदयाचा डॉक्टर आणि नऊ गोळ्या. व्हर्डेलच्या यादीत? बीपीची एक गोळी. बस्स! एकोणऐंशी वर्षांची बाई, आणि कागद नाकाला लावून, तिरका धरून वाचतेय. मार्लिसला राहवेना. आर्लन कॉफी आणायला उठला तशी तिने हळूच विचारलं, "व्हर्डेल, काय गाळलंयस?"

"श्श! दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेते. समोरचं मधलंच पुसट दिसतं."

"अगं, आर्लनच्या प्लॅनमधून तुझा डोळ्यांचा डॉक्टर जानेवारीपासून बाद होतोय! एकच प्लॅन घेतलास तर इंजेक्शनं बंद."

"होऊ देत. ॲटॅकपासून त्याला गाडी चालवायची बंदी आहे, मीच नेते त्याला डॉक्टरकडे, चाळीस मैल. वेगळा प्लॅन घेतला की पत्रं येणार, नि टपाल तोच फोडतो. माझ्या डोळ्यांचं कळलं तर तो डॉक्टरकडे जायचंच सोडेल." एवढं बोलून ती बाथरूमला गेली.

आर्लन कॉफी नि लेमन बारची गोड वडी घेऊन आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणतो काय, "तिचा डोळ्यांचा डॉक्टर ज्यात आहे ना, तो प्लॅन दे तिला. कॉम्प्युटरनेच निवडला म्हण."

मार्लिस गारच! "तुला माहितीये?"

"गाडीच्या धक्क्याने दोनदा दारची टपालपेटी पाडलीय तिने. मी आळ हरणावर ढकलला."

"अरे, मग ती गाडी कशी चालवते?"

"मी शेजारी बसून बडबडतो ना. 'हा लाल सिग्नल किती वेळ गं!' असं. तिला वाटतं, म्हातारा चळला."

व्हर्डेल आली. मार्लिस म्हणाली, "कॉम्प्युटर म्हणतोय, तुला हा वेगळा प्लॅन बरा." व्हर्डेलने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. तो लेमन बार खाण्यात दंग. "कॉम्प्युटर म्हणतोय तर घे की, बाई." तिने मान डोलावली, मार्लिसने बटण दाबलं. डोळ्यांचा डॉक्टर वाचला!

पण खरी गंमत पुढेच. व्हर्डेलने पर्समधून किल्ली काढली. "चल रे, बर्फ पडायच्या आत पोचू."

मार्लिसच्या टेबलाचा नियम एकच, इथे ऐकलेलं इथेच राहतं. पण ती धावली ना दारापर्यंत! बाहेरून आर्लनचा आवाज, "उजवीकडचा खांब केवढा जाड झालाय गं!" आणि गाडी सुरू झाली. मार्लिस दारात उभी, त्यांना घरी सोडायला घेतलेली स्वतःच्या गाडीची किल्ली तशीच हातात. दोघांची दोन गुपितं, तेव्हा तरी, तिच्या एकटीच्या पोटात.

सांग ना, तू काय केलं असतंस?