बाबा ज्या घरांत झोपले

मोहतळ्याच्या अतुलनं समाजमंदिराची किल्ली माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकला.

"घरी नाही का जमणार?" मी विचारलं. "बाबा तुमच्याकडेच झोपायचे."

"घरात सोयाबीनची पोती हायेत ताई. पाय ठेवाले जागा नाही." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "डबा पाठवतो. डबा वापस आणू नका, तिथंच राहू द्या."

त्याच्या घराचं दार उघडं होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली सतरंजी. पोतं एकही नव्हतं.

उमरखेड सोडल्याचा तो दुसरा दिवस होता. पहिल्या मुक्कामाचं घर बंद होतं. ती मंडळी पुण्याला गेली, असं शेजाऱ्यांनी सांगितलं आणि मला त्यांच्या पडवीत झोपू दिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

माझे वडील, उकंडा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ते पायी नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे. अकरा मुक्काम, अकरा घरं. त्या घरांत एक रीत पडून गेली होती. चालत आलेल्या माणसाचे पाय घरची बाई मिठाच्या गरम पाण्यानं शेकायची, तेल चोळायची. "पाया पडाचं नाही, पाय चोळाचे," असं बाबा हसून म्हणायचे. मग त्यांचं अंथरूण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी पडायचं. ज्याला आता जाता येत नाही, त्याच्याजवळ जाणाऱ्यानं झोपायचं.

दोन हजार वीस साली दीक्षाभूमीवर कार्यक्रम नव्हता. फाटक बंद राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. "फाटकाले हात लावून येतो," बाबा म्हणाले. "एकोणीस वर्षं झाले. विसावं मोडत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांना ताप होता. फार नाही, पण होता. तेव्हा गावोगावी वेशीवर पोरं उभी असत, कपाळासमोर तापाची बंदूक धरत, ताप निघाला तर माणसाला परत पाठवत. मी बाबांना तापाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या दिल्या. गाव यायच्या तासभर आधी एक घ्या, हेही मीच सांगितलं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्या आजाराबद्दल आमच्या वस्तीत माझ्याइतकं कुणीच वाचलं नव्हतं. पण बाबांचा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता, आणि त्यांना पावसाचा गारठा बाधला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सात घरं झाली. आठव्याच्या वाटेवर, कळंबच्या अलीकडे, ते रस्त्याच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. यवतमाळला दवाखान्यात नऊ दिवस होते. त्यांना स्मशानात नेलं तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर होते.

दोन वर्षांनी दीक्षाभूमी उघडली आणि मी निघाले. त्या सात घरांतली म्हातारी माणसं आहेत की नाहीत, एवढं मला बघायचं होतं. नसली, तर गोळ्यांचं सांगायचं होतं.

मोहतळ्यात अंधार पडायच्या आत अतुलची बायको डबा घेऊन आली. डबा उंबऱ्यावर ठेवून तिनं मागं वळून पाहिलं.

"आजी कुठं आहेत?" मी विचारलं.

"आजी गेली ना. त्याच सालात, दिवाळीच्या आत." मग हळूच म्हणाली, "हे बोलू नका म्हणत होते तुमच्यासमोर."

मला जे सांगायचं होतं ते ओठांपर्यंत आलं, पण तोवर ती निम्मी गल्ली ओलांडून गेली होती.

तिसऱ्या मुक्कामाच्या घराला कुलूप होतं. कुलूप गंजलेलं, आणि अंगणात कमरेएवढं गवत. शेजारी एक माणूस मळणीयंत्रातून उडालेली धूळ चेहऱ्यावरून पुसत होता. त्यानंच सांगितलं.

"दोघंही गेले. आठ दिवसांत नवरा, बायको. पोरगा येत नाही इकडं, भेतो." मग माझ्या पिशवीकडे पाहत म्हणाला, "पायी जाणारं एक मानूस आलतं म्हणतात त्या सालात. त्यानंच आणला. तुमी त्याच्या कोन?"

"नात्यातली," मी म्हणाले.

त्यानं आत जाऊन दार लावलं. मी झोपायला जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा शोधला. एका वर्गाच्या दारावर 'विलगीकरण कक्ष' ही अक्षरं तशीच होती; वर चुना मारला होता, पण खालचा लाल रंग दिसत होता. पहाटे जाग आली तेव्हा शाळेच्या कुंपणाबाहेर तीन माणसं उभी होती. मी बुद्धवंदना म्हटली, पिशवी भरली, निघाले. ती वेशीपर्यंत माझ्या मागून आली. जवळ आली नाहीत, बोलली नाहीत. गावाची पाटी गेल्यावर थांबली.

रस्त्यानं नागपूरकडे जाणारे टेम्पो जात होते. निळे झेंडे, पांढरे कपडे, भोंग्यावर गाणी. एक टेम्पो थांबला, बायकांनी हात केला. "बस ना वं माय, जागा हाय! पायाचे तुकडे करून राह्यली का?" मी नको म्हटलं. बसले असते, तर पुढची घरं राहिली असती.

चौथं घर आर्णीच्या पुढं, बोरजईला. तिथं पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. रुखमाबाई दारातच बसल्या होत्या, आणि त्यांचा मुलगा इंद्रजित मोटरसायकलला टेकून उभा होता. तो माझी वाट बघत असावा.

"या," तो म्हणाला. "अतुलचा फोन आलता. उकंडाकाकाची पोरगी ना तुमी? शीलाताई?"

"हो."

"बसा. माय, पानी ठेव."

चार दिवसांत पहिल्यांदा मला कुणी घरात घेतलं. रुखमाबाईंनी घमेल्यात गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, आणि नको नको म्हणत असताना माझे पाय ओढून घेतले.

"हे पाय पाहा! जसे पुस्तकात ठेवले होते," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाचे पाय म्हंजे निस्ते खडक. तेल जिरेच ना."

मला हसू आलं. मग मी खाट पाहिली. पुढच्या खोलीत, रिकामी, गादी गुंडाळलेली. रुखमाबाईंचे नवरे गोविंदाकाका लकव्यानं तीन वर्षं त्या खाटेवरून उठले नव्हते, हे बाबांकडून ऐकलं होतं. रोग त्यांच्याकडे चालत आल्याशिवाय त्यांना गाठू शकत नव्हता.

इंद्रजित मागं कळशी भरायला गेला. रुखमाबाईंचे हात थांबले. त्या खालच्या आवाजात, भराभर बोलल्या.

"तुले एक सांगतो पोरी. त्या दिवशी असेच पाय घेतले म्या तुह्या बापाचे. हाताले चटका बसला. फनफनत होता. मले समजलं. तरी म्या अंथरून टाकलं इंद्रजितच्या बापाजवळ. चालत आलेल्या मानसाले कसं म्हनू, का जा म्हनून? आन् त्याचा बाप त वाट पाहून राह्यला होता चार दिवसापासून. इंद्रजितले म्हटलं, बिलकूल चांगले होते. दोन वर्षं झाले, तो मले रोज तेच विचारते. तू काई बोलू नको, माय."

मी जे सांगायला एवढी चालत आले होते, ते आता घमेल्यातल्या पाण्यात आम्हा दोघींच्या मधोमध होतं. गोळीचा असर त्या संध्याकाळी उतरला असणार. म्हणजे बाबांचा ताप कळण्यासारखा होता, आणि तो कळलाही होता.

इंद्रजित कळशी ठेवून समोर बसला. उकिडवा, डोळ्याला डोळा लावून.

"ताई, त्या सालात म्या या दोघाले घराबाहेर निंगू देलं नाही. किराना धुऊन आत घेतला. दूधवाल्याले फाटकातून वापस केलं. एकच रात्र वावरात होतो म्या, त्याच रात्री उकंडाकाका आले. माय म्हनते चांगले होते. मंग माह्या बापाले कुठून झालं?" त्याचा आवाज चढला नाही. "तुमी शिकलेल्या हा. खरं सांगा. काकाले ताप होता का?"

रुखमाबाईंचे हात माझ्या पायांवर होते. ते जड झाले होते.

"होता," मी म्हणाले. "घरून निघतानाच होता. गोळ्या मी दिल्या होत्या, वेशीवर पकडू नये म्हणून. गोळी घेतली की अंग थंड पडतं. हात लावला तरी कुणाला कळलं नसतं."

शेवटचं वाक्य मी त्याच्याकडे बघूनच म्हटलं. मला ते म्हणताना अडखळायला झालं नाही, याचं नंतर आश्चर्य वाटलं.

 तो उठला, आईचे हात मनगटाला धरून पाण्यातून बाहेर काढले, घमेलं उचललं आणि पाणी अंगणापलीकडे, उकिरड्यावर ओतलं.

"पायतान घाला," तो म्हणाला.

"इंद्रजित, ऊन हाय रे अजून," रुखमाबाई म्हणाल्या.

"माय, तू आत जाय."

त्या मागं न बघता गेल्या. वळून पाहिलं असतं तर त्यांना त्याच्याकडेही बघावं लागलं असतं. माझी पिशवी त्यानं फाटकाबाहेर ठेवली. ओले पाय चपलेत सरकत होते. मी चार घरं पुढं गेले असेन, तेव्हा त्याचा आवाज आला. पुढच्या मुक्कामाच्या घरी फोन लावून बोलत होता, मला ऐकू जावं इतक्या जोरात.

"बबलूभाऊ, जय भीम. हो, निंगाली ती आता. आयका, मी सांगतो ते आयका पहिले. तुमच्या घरी कोन कोन गेलं होतं त्या सालात?"

पुढचं गाव आठ-नऊ किलोमीटर होतं. डाव्या हाताला मोठा रस्ता होता. तिथं उभं राहून हात केला असता, तर कोणत्याही टेम्पोनं मला उचललं असतं. रात्री मी यवतमाळला असते. मी वावरातल्या वाटेनंच गेले. दोन्ही बाजूला कापूस फुटायला लागला होता. वाटेत भेटलेला एक गुराखी मला पाहून बैल घेऊन बाजूच्या बांधावर, धुऱ्यावर चढला आणि मी पुढं जाईपर्यंत तिथंच थांबला. फोन त्याच्याकडेही आला होता की काय, कळायला मार्ग नव्हता.

सूर्य टेकला तेव्हा गाव दिसलं. समाजमंदिराच्या आधी, जिथं वस्ती सुरू होते, तिथं रस्त्यात माणसं उभी होती. दहा-बारा. बायकाही होत्या. आता कुणीच तोंड झाकत नाही, पण त्यांच्या तोंडाला रुमाल आणि पदर बांधलेले होते. कुणी ओरडलं नाही. कुणी जागचं हललं नाही.

मी दहा पावलांवर थांबले. त्यांनी विचारायच्या आधीच मी नाव सांगितलं. बाबांचं आधी, मग माझं.