आत्यांच्या नावावरचं दुखणं

माझ्या सासऱ्यांना, जोतीराममामांना, स्तनाचा कॅन्सर झाला. व्हय, बाप्या माणसाला. क्वचितच होतो, पण होतो, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन पुण्याला झालं, तवर आमच्या गावात, लासुर्ण्यात, कुणाला पत्ता न्हवता. मग पुढच्या औषधाच्या सलाईनची सोय बारामतीतच झाली. म्हणलं, बरं झालं, हेलपाटा वाचला. कसलं काय! पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या दारात चुलतसासू दगडाबाई भेटली.

"कुणाला काय झालंय गं?"

मामांनी माझ्या सासूबाईंकडं, आत्यांकडं, बोट केलं. "हिला. छातीचा कॅन्सर."

बायकांचं दुखणं म्हणून बायकोच्या गळ्यात मारलं आणि मोकळे झाले! आत्या गप. आन मी एवढी तोंडाची फटकळ, मीबी गप. घरची इभ्रत, दुसरं काय! तवापासनं गावातल्या बाया आत्यांना बघायला यायच्या. आत्या पदर घट्ट ओढून "बरं हाय आता" म्हणायच्या, आन मामा आतल्या खोलीत बसून ऐकायचे.

काल नणंदेची, संस्कृतीची, हळद होती. आत्यांनी वाटीत बोटं बुडवली, तोच दगडाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"कुशाबाई, तू लांबनंच आशीर्वाद दे. असलं दुखणं पोरीला लागाया नको."

"लागत न्हाय ते! खरूज हाय व्हय?" मी ओरडले. कुणी ऐकंना. दुखणं आत्यांचं न्हायच, हे वाक्य माझ्या ओठावर आलं आणि तिथंच अडकलं. लाज वाटली मला माझीच. संस्कृती रडाया लागली. आत्या नुसत्या मामांकडं बघत होत्या.

मामा उठले. सदऱ्याची बटणं काढाया लागले. घाईत एक बटण तुटूनच पडलं. भरल्या मांडवात, पाव्हण्यांच्या देखत, उघडे उभे राहिले. डावी छाती सपाट, आडवी शिवलेली.

"दुखणं माझं हाय. मला लाज वाटली म्हणून हिच्या नावावर घातलं."

दगडाबाईनं मनगट सोडलं. आत्यांनी आधी मामांच्या अंगावर सदरा ओढला. मग लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि वाटी मामांपुढं धरली. मामांनी हात मागं घेतला.

"लावा की," आत्या म्हणाल्या. "लागत न्हाय ते. रेश्मा म्हणली न्हाय का?"

मामांनी लेकीला हळद लावली. पण आत्यांच्या तोंडाकडं त्यांनी काय बघितलं न्हाय. मलाबी बघवलं न्हाय.