पाकिटावरची बाई

कॉफीच्या त्या कंपनीत मालकाला सगळे दादा म्हणत आणि एकमेकांना ताई, काका, मावशी. ही कंपनी नसून कुटुंब आहे, असं दादांनी भिंतीवरच रंगवून घेतलं होतं. पाकिटावरचा मजकूर लिहायला ठेवलेली मुलगी मात्र या कुटुंबात अजून पाहुणीच होती. पुढचं पाकीट पास झालं तरच नोकरी पक्की, असं दादांनी तिला अगदी प्रेमानं बजावलं होतं.

पाकीट पास करायची तऱ्हाही न्यारीच. सगळ्यांनी मीटिंगच्या खोलीत जमिनीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि मजकूर ऐकायचा. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं तर छपाईला, नाहीतर केराच्या टोपलीत. कॉफी कशी लागते हे कोणी विचारत नसे. ती कडू जहर होती.

या वेळी मळ्यावरून कॉफी तोडणाऱ्या बायकांचे फोटो आले आणि सगळा घोळ झाला. बायका धडधाकट होत्या, खिदळत होत्या. एकीनं तर चक्क गॉगल लावला होता.

"यांच्याकडे बघून कोण हळहळणार?" दादा कळवळून म्हणाले. "जरा बरी गरजू बाई शोध ना!"

मुलगी रडकुंडीला आली. फोन चाळता चाळता तिला आपल्या सख्ख्या मावशीचा फोटो सापडला. कांदा चिरतानाचा, केस विस्कटलेले, डोळे डबडबलेले. याच मावशीनं शिवणाचं दुकान चालवून, कोणापुढे हात न पसरता तिला लहानाचं मोठं केलं होतं. हे ठाऊक असूनही मुलीनं लिहिलं, 'हिला या जगात कोणी नाही. आहे तो फक्त तुमचा एक घोट.' दादा हमसून हमसून रडले. नोकरी पक्की झाली. मावशी कुठे कॉफी पिते, अशी मुलीनं मनाची समजूत घातली.

पण मावशीचं एक गिऱ्हाईक कॉफीचं शौकीन निघालं. ती बाई दुकानात आली ती जुन्या स्वेटरांची पिशवी घेऊनच. पिशवी मावशीच्या हातात कोंबत म्हणाली, "लाजू नका हो."

दुसऱ्या दिवशी मावशी ऑफिसात हजर. कडक इस्त्रीचे कपडे, चष्मा, खांद्याला पर्स. मुलगी उठेपर्यंत दादांनी मावशीला गाठलंसुद्धा. ज्या चेहऱ्यासाठी ते धाय मोकलून रडले होते तो समोर उभा होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी पाकीट पुढे केलं, मजकूर पाठ म्हणून दाखवला.

मावशीनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग मुलीकडे बघत म्हणाली, "हिला कोणी नाही म्हणता? मला वाटत होतं, एक भाची आहे."

"मावशी, अगं, ऐक तरी..."

त्या ऑफिसात सगळेच नाती लावून बोलत, त्यामुळे दादांना यात काही वावगं वाटलं नाही.

"छापलंयस ना? मग आता तेच खरं," मावशी म्हणाली आणि पाकीट टेबलावर ठेवून निघून गेली.

मुलीला स्वतःची शिसारी आली. ती मागे धावणार, तोच दादांनी तिला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय बोलून गेल्या गं त्या! 'मला वाटत होतं, एक भाची आहे.' आधी लिहून घे, पुढच्या पाकिटाला लागेल."

मुलीनं दाराकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि लिहू लागली.